पॉइंटला ऐंशी रुपये

सकाळी ७:४०

धायरी फाट्यावरची चहाची टपरी. मामांचा हा दुसरा चहा, पहिला घरी झालाय. मामा म्हणजे वायरमन, आज दिवसभर मी त्यांच्याबरोबर. हाताखाली सख्खा भाचा आहे, तो मामा म्हणतो, म्हणून गिऱ्हाइकंही मामाच म्हणायला लागली. नावानं हाक आता फक्त बँकेत ऐकू येते.

दिवाळी होऊन दहा-बारा दिवस झालेत. दिवाळीआधी घरोघर पीओपी होतं, त्यात गोल कन्सिल लाइट बसतात, कडेनं स्ट्रिप फिरते. दिवाळीनंतर मामांचा फोन वाजायला लागतो. लाइट लागतात पण घर बंद पडतं. लाइट बंद केले तरी मिणमिणतात. लाइट लावले की वास येतो. ज्यानं बसवले त्याचा फोन लागत नाही, लागला तर तो गावाला गेलेला असतो.

भाचा पिशवी तपासतो. दोन टेस्टर, पक्कड, कटर, स्टार पाना, इन्सुलेशन टेपच्या तीन गुंडाळ्या, होल्डरला दोन वायरी जोडून केलेला टेस्ट लॅम्प, मल्टिमीटर, वायर ओढायची स्प्रिंग. सगळ्यात खाली फडक्यात गुंडाळलेला मेगर. तो जुन्या बाजारातून घेतलेला आहे. रविवारी सकाळी गेले होते, तासभर घासाघीस करून १,८०० ला मिळाला. नवा घ्यायचा तर बरेच जास्त पडले असते.

चहाचे २४ रुपये. स्कूटरमध्ये १२० चं पेट्रोल. शिडी भाच्याच्या खांद्यावर, भाचा मागच्या सीटवर.

८:५०

कोथरूड. सोसायटीच्या गेटवर वही. नाव, फ्लॅट नंबर, कशासाठी, सही. वॉचमन शिडीकडे बघतो आणि म्हणतो, शिडी घेऊन लिफ्टनं जायचं नाही. तिसरा मजला. भाचा काही न बोलता जिना चढायला लागतो.

दार ताईंनी उघडलं. साहेब आत लॅपटॉपसमोर, कानात हेडफोन, हातानंच "करा, करा" म्हणाले. हॉलचं पीओपी नवं कोरं आहे. पांढऱ्या रंगाचा वास अजून गेलेला नाही. सहा गोल लाइट, १२ वॉटचे. देव्हाऱ्यावर एक छोटा, २ वॉटचा.

"देवापुढचा लावला तर काही होत नाही," ताई म्हणाल्या. "पण हॉलचे लावले की पूर्ण घर जातं. फ्रिज, वायफाय, सगळं. दिवाळीत पाहुणे बसले होते आणि अंधार."

"बसवणारा काय म्हणाला?"

"तो आला होता एकदा. म्हणाला, तुमचा आरसीसीबी वीक झालाय, काढून डायरेक्ट करतो, पाचशे द्या. हे द्यायला निघाले होते. मीच म्हटलं थांबा."

मामा मान हलवतात. या "वीक झालाय"चं त्यांना फार वाईट वाटतं. आरसीसीबी म्हणजे डीबीतला, घराच्या मेन बोर्डातला, तो जाडा खटका, ज्यावर एक छोटं टेस्टचं बटण असतं. घरात जितका करंट फेजनं आला तितकाच न्यूट्रलनं परत गेला पाहिजे, एवढंच तो बघत असतो. मधल्यामध्ये ३० मिलीअँपिअर कुठं गळाला, तर तो घर बंद करतो. गळणारा करंट कधी गीझरच्या पत्र्यातून जातो, कधी माणसातून. आरसीसीबी काढून डायरेक्ट केलं की घर बंद पडायचं थांबतं, ते खरंच आहे.

मामांनी टेस्टचं बटण दाबलं. खटकन पडला. परत वर केला. "हा ठणठणीत आहे," ते म्हणाले.

९:१५

आता शोध. देव्हाऱ्यावरचा लावला. चालू. हॉलचे लावले. खट्. घर गप्प. आतून साहेबांचा आवाज, "अहो, मीटिंग चालू आहे माझी!"

मामा खुर्चीवर बसले. भाच्याला वाटतं मामा दमले. ते दमलेले नसतात, हिशेब करत असतात. २ वॉटचा दिवा दहा-पंधरा मिलीअँपिअर घेतो. १२ वॉटचे सहा म्हणजे तीनशेच्या पुढं. छोटा चालतो आणि मोठे उडतात. म्हणजे वायर कुठं खरचटलेली नाही, शॉर्टही नाही. दिव्यांचा सगळाच करंट भलत्या वाटेनं परत जातोय. तीसच्या खाली असतो तोवर आरसीसीबी सोडून देतो.

"हिरवी," मामा म्हणाले.

भाच्याला कळलं नाही.

"न्यूट्रल म्हणून अर्थिंगची हिरवी वापरलीय त्यानं."

मेन बंद केला. साहेबांना आधी सांगितलं, त्यांनी मोबाइलवरून मीटिंग सुरू केली. बोर्डाची प्लेट उघडली. मल्टिमीटरची एक दांडी सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकात, म्हणजे अर्थिंगला. दुसरी, लाइटकडे जाणाऱ्या वायरीला. मीटर बीप करायला लागला. भाचा हसला. मामा हसले नाहीत. का वापरली हे अजून कळायचं होतं, आणि ते बोर्डात दिसत नाही.

१०:००

शिडी हॉलच्या मधोमध. खाली ताईंची जुनी चादर. कन्सिल लाइट ओढून काढायचा म्हणजे दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगा बोटांनी दाबून धरायच्या. त्या सुटल्या तर नखावर बसतात. मामांच्या डाव्या अंगठ्याचं नख कायम निळं असतं.

भोक साडेचार-पाच इंचांचं. मामांचा हात मनगटापर्यंत जातो, पुढं अडतो. भाच्याचा कोपरापर्यंत. म्हणून वर भाचा. त्याच्या केसांवर, पापण्यांवर पांढरी भुकटी. मोबाइलचा टॉर्च आत धरून तो एकेक सांगतोय.

"मामा, जुना पाइप आहे. त्यातून तीन वायरी आल्यात. लाल, काळी, हिरवी. लाल न् हिरवी लाइटला जोडल्यात. काळी नुसती टेप मारून सोडलीय."

"काळी बोर्डाकडनं चालू आहे का बघू."

नाही. काळी मधेच तुटलीय. अर्धा तास गेला तेव्हा कारण सापडलं. पीओपीचं चॅनल स्लॅबला टांगायला जे फास्टनर ठोकतात, त्यातल्या एकाचं ड्रिल नेमकं पाइपवर पडलेलं. वरून काही दिसत नाही. पाइपात काळी कापली गेली, लाल आणि हिरवी शेजारून वाचल्या.

गोष्ट आता सरळ झाली. ड्रिल मारणारा छताचा माणूस. त्याचा दर स्क्वेअर फुटावर. वायर कापली हे त्याला कळलंही नसेल. मग लाइटवाला आला. त्याला लाइटमागं ऐंशी रुपये. सात लाइटचे ५६० झाले, आणि न्यूट्रल येत नाहीये. नवी वायर ओढायला दोन तास, त्याचे पैसे कुणी ठरवलेले नाहीत. खाली रंगवाला वाट बघतोय. हिरवी तयारच होती. लावली, दिवे लागले. लावून बघताना बहुतेक देव्हाऱ्यावरचा छोटाच लावला असणार, किंवा त्या दिवशी डीबीचं काम चालू होतं. दिवे लागले म्हणजे काम झालं.

"शिव्या द्यायच्यात का त्याला?" मी विचारलं.

"देऊन काय? मीपण पॉइंटवर कामं केलीत," मामा म्हणाले आणि स्प्रिंग शोधायला लागले.

१०:५०

फास्टनर काढता येत नाही, छत त्यावर लटकलंय. त्याच पाइपातून नवी वायर जाणार नाही. पण हॉलचा पंखा त्याच बोर्डावरचा आहे, त्याचा न्यूट्रल जागेवर आहे. तिथून काळी आणायची. सरळ अंतर चार मीटर. छताच्या आतून, चॅनलांच्या वरून, लाइटच्या एका भोकातून दुसऱ्या भोकात.

स्प्रिंग सारखी वळते आणि भलतीकडे जाते. मग मामांनी खाली पडलेला अर्ध्या इंची पाइपाचा तुकडा घेतला. त्याच्या टोकाला वायर टेपनं बांधली आणि भोकातून आत सरकवला. पलीकडच्या भोकात भाच्याचा हात.

"आला?"

"नाही."

"आता?"

"बोटाला लागला… गेला."

हे वीस मिनिटं. मान वर करून उभं राहिलं की आधी खांदा भरतो, मग मानेतून कळ डोक्यात जाते. मामांचं वय ५१. रात्री झोपताना मानेखाली टॉवेलची गुंडाळी लागते, असं त्यांनी जाता जाता सांगितलं.

वायर आली. सात मीटर लागली, वळणं धरून. जोड पिळून टेप मारून सोडला नाही, प्लास्टिकच्या कनेक्टरमध्ये स्क्रूनं आवळला. हिरवी सोडवून परत तिच्या कामाला, लाइटच्या पत्र्याला. मग लाइट सुटे करून मेगर लावला. मेगर वायरीवर ५०० व्होल्ट टाकून बघतो, कातडं कुठं फाटलंय का ते. लाल आणि हिरवी साबूत निघाल्या. तरी मामांनी डीबीच्या झाकणाच्या आत पेन्सिलीनं लिहिलं, हॉल लाइट, पाइपात फास्टनर. पुढं कुणी उघडेल त्याच्यासाठी.

११:५५

मेन चालू. सहाही लाइट लावले. सातवा लावला. पंखा लावला. ताई डीबीकडे बघत उभ्या. काही झालं नाही.

बिल. मजुरी ९००, वायर आणि कनेक्टर १८०. साहेब बाहेर आले. "एक हजार ऐंशी? काय बदललं तुम्ही?"

"वायर टाकली. सात मीटर."

"सात मीटर वायरचे?"

मामा गप्प. तीन तासांचं काय सांगायचं? सकाळपासून सामान म्हणून दाखवण्यासारखं फार काही छतात गेलेलंच नाही. या खोलीच्या छताला आणि दिव्यांना मिळून ४५ हजार लागले, हे साहेबांनीच मघाशी सांगितलं होतं. ताई म्हणाल्या, "द्या हो." शेवटी हजारावर मिटलं. फोन पुढं, क्यूआर कोड, पैसे आल्याची घोषणा मामांच्या खिशातून मोठ्यानं झाली.

चहा मिळाला. बरोबर दिवाळीतल्या उरलेल्या शंकरपाळ्या.

दुपारी १२:४५

तपकीर गल्ली. पुण्यात विजेचं सामान घ्यायचं तर बुधवार पेठेत इथंच यावं लागतं. गल्ली अरुंद, दुकानं खोल, माणसं दुकानाबाहेरच जास्त. स्कूटर लावायला जागा नाही. मामांनी भाच्याला स्कूटरवर बसवून ठेवलं, टोइंगची गाडी आली तर नुसता पुढं सरकत राहा म्हणून. मागच्या महिन्यात दहा मिनिटांत स्कूटर उचलून नेली होती. ती सोडवायला अर्ध्या दिवसाची मजुरी गेली.

काउंटरवर कन्सिल लाइटचे खोके. तोच वॉट, तोच गोल, भाव ९० पासून ४०० पर्यंत. फरक आतल्या ड्रायव्हरमध्ये असतो. दिवा जळत नाही, बहुतेक वेळा ड्रायव्हर जातो. मामांनी स्ट्रिपसाठी १२ व्होल्टचा एक ड्रायव्हर घेतला, ९५ रुपये. दुकानदारानं पावती दिली नाही, यांनी मागितली नाही.

शेजारी दोन पोरं एका यादीवर बोट ठेवून उभी होती. चाळीस लाइट, दोन किलो खिळे, टेपचं एक बॉक्स. वायरीचं बंडल यादीत नव्हतं. मामांनी यादी वाचली, काही बोलले नाहीत.

डबा पायरीवर बसून. भाकरी, मेथी, ठेचा. वर दोन ताक, तीस रुपये. मधे एक फोन. समोरचा विचारत होता, आरसीसीबी काढून द्यायचे किती घेता? मामा म्हणाले, काढून देत नाही, शोधून देतो. समोरच्यानं किती वेळ लागेल विचारलं. "ते बघितल्यावर कळेल." फोन ठेवला गेला.

२:२०

नारायण पेठेतला वाडा. लाकडी जिना, दोराला धरून चढायचा. आजींच्या दोन खोल्या. भिंतीवर लाकडी पट्टीवरची वायरिंग, खिळ्याखिळ्याला पत्र्याची क्लिप, काळे गोल खटके. कोपऱ्यात चिनी मातीचे किटकॅट फ्यूज. त्यात नातवानं हौसेनं दोन एलईडी पॅनल बसवून घेतलेत.

"रात्री बंद केले तरी उजेड राहतो," आजी म्हणाल्या. "मिणमिण मिणमिण. शेजारीण म्हणते वाड्यात काहीतरी आहे."

"वाड्यात करंट आहे," मामा म्हणाले.

टेस्टर घेऊन शिडीवर. खटका बंद, तरी पॅनलच्या जोडाला टेस्टर लावला की पेटतो. म्हणजे खटका फेजवर नाही, न्यूट्रलवर आहे. मामांनी पंख्याचा खटका बघितला. तोही तसाच. स्वयंपाकघरातला, तोही. सगळेच खटके मुळात चुकीचे लावले असतील असं होत नाही. ज्यानं ही पट्टी ठोकली तो जुना माणूस, त्याची एकेक क्लिप ओळंब्यात आहे. मामा बराच वेळ त्या पट्टीकडे बघत राहिले. मग मीटरकडे गेले.

मेन स्विच नवा. नातवानं दिव्यांबरोबर तोही बदलून घेतला होता. बदलणाऱ्यानं वरच्या दोन वायरी अदलाबदल करून लावल्या. दिवे लागतात, पंखा फिरतो, कुणाला काही कळत नाही. पण आता घरातला प्रत्येक खटका न्यूट्रल तोडतो आणि फेज दिव्यापर्यंत उभा राहतो. जुन्या भिंतीतून, दमटपणातून केसाएवढा करंट परतीची वाट काढतो. पिवळ्या बल्बची तार तेवढ्यानं तापली नसती. एलईडीला तेवढं पुरतं.

"आजी, खटका बंद करून दिवा पुसत होता का?"

"दिवाळीला पुसला की. त्या पोराला सांगितलं होतं, त्यानं पुसला."

"त्याला काही झालं नाही?"

"का रे?"

मामांनी सांगितलं नाही. महावितरणच्या मीटरनंतरचा कटआउट काढला, वायरी उलटल्या, आवळल्या. वर जाऊन एकेक खटका परत टेस्टरनं बघितला. सव्वादोनशे रुपये सांगावे असं त्यांच्या मनात होतं बहुधा. आजींनी आधीच पर्समधून दोनशे आणि पन्नासची नोट काढून ठेवली होती. वर म्हणाल्या, "वीस मिनिटं लागली. पण आलास, ते बरं झालं." मामांनी नोटा घेतल्या. पेठेतलं माणूस घड्याळ बघूनच पैसे देतं, यात मला तरी गैर काही वाटलं नाही.

४:००

रिकामा वेळ. तिसऱ्या घरचं माणूस सातशिवाय घरी येत नाही. नोकरदारांच्या घरी दुपारी कुलूप, म्हणून वायरमनचा दिवस मधे दुमडलेला असतो. घरी जाऊन यायचं तर पेट्रोल. मामा आणि भाचा नदीपात्रातल्या कट्ट्यावर. भाचा बारावीला दोनदा बसला. आयटीआयला वायरमन ट्रेड घे म्हणून मामा मागं लागलेत. कोर्स दोन वर्षांचा.

"मामा, तुम्ही शिकवताच की."

"मी कागद देत नाही."

सन्नाटा. मग भाचा झोपला, पिशवी उशाला घेऊन.

७:२०

सिंहगड रोड. राजाराम पुलापासूनच गाड्या अडकलेल्या. नव्या इमारतीत नववा मजला, इथं शिडीला लिफ्ट चालते. नवरा-बायको नुकतेच आलेत, लहान मुलगी सोफ्यावर उड्या मारतेय. तक्रार अशी की बेडरूममधली स्ट्रिप लावून अर्धा तास झाला की जळका वास.

मामांनी वास घेतला आणि स्ट्रिप लगेच बंद करायला सांगितली. ड्रायव्हर छताच्या आत टाकून वरून बंद केलेला. झडप ठेवलेली नाही. ठेवली असती तर छताला चौकोन दिसला असता, आणि तो इंटिरिअरवाल्या मॅडमना नको होता. म्हणून आता पीओपी कापायचं. सहा बाय सहा इंच, करवतीच्या पात्यानं. वहिनींनी कपाट चादरीनं झाकलं आणि दुसऱ्या खोलीत गेल्या. बघवत नव्हतं.

आत जोड. दोन वायरी नुसत्या पिळलेल्या, वर टेप. टेप वितळून तपकिरी झालेला, खालचा जिप्समचा बोर्ड नाण्याएवढा काळा. ढिला जोड तापतो. तापला की आणखी ढिला होतो. ड्रायव्हरही गेलेला. ९५ चा बसवला, १५० लावले. जोड कापून नवा केला. ड्रायव्हर बोर्डावर लोळत न ठेवता चॅनलला टांगला. भोकाला झडप बसवायला पीओपीवाला लागेल म्हणून सांगितलं. मुलीचा बाबा त्या काळ्या डागाकडे फोनचा टॉर्च धरून बराच वेळ बघत होता. साडेसातशे त्यानं न बोलता दिले.

रात्री ९:१०

धायरी फाटा. टपरी बंद व्हायला आलीय. मामा वहीत लिहितात. आले हजार, अडीचशे, साडेसातशे. दोन हजार. गेले भाच्याचे ६००, पेट्रोल १२०, ड्रायव्हर ९५, वायर आणि कनेक्टर १६०, चहा, ताक, पार्किंग आणि किरकोळ ८५. राहिले ९४०. आजचा दिवस चांगला. काही दिवशी शोधूनही सापडत नाही, मग गिऱ्हाईक म्हणतं, झालं नाही तर पैसे कसले?

फोन. वडगावचं घर, नवं पीओपी, अठरा लाइट. पॉइंटला किती? मामा ११० म्हणाले. समोरून ऐंशीचा माणूस आहे, असं आलं. बघून सांगतो म्हणून ठेवला.

भाचा बोटांवर मोजतो. "ऐंशीनं १,४४०. एका दिवसात होतं मामा. शोधाशोध नाही, भांडण नाही."

मामा वही पिशवीत टाकतात. स्कूटरला किक मारतात. दोन किकांनी होत नाही, तिसरीला होते.

"सकाळी फोन करून नव्वद सांग."

"मेगर लावायचा तिथं?"

"लावायचा. बिलात धरू नको, देत नाही कुणी."